माझ्या वाट्याला फिलिपिन्स आलं

आमच्या नववीच्या वर्गात देश वाटले गेले त्या दिवशी मी गैरहजर होते, कारण घरी भिवापूरच्या मिरच्या आल्या होत्या. वर्षभराचं तिखट एकदाच करायचं हा आईचा नेम, आणि देठं खुडायला हात कमी पडतात म्हणून माझी शाळा बुडवायची हाही तिचाच नेम. मी अंगणात बसून शिंकत होते आणि तिकडे पिंपळकर सर जगाची वाटणी करत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर जपान गेलेला, अमेरिका गेलेली, रशिया दोघींनी मिळून घेतलेला, आणि इंग्लंडवरून दोन जिवाभावाच्या मैत्रिणींची कट्टी झालेली. "शालिनी देवतळे," सर हजेरीपटावरून नजर न काढता म्हणाले, "फिलिपिन्स." मागून कोणीतरी खुदकन हसलं. मी विचारलं, "सर, दुसरा नाही का उरला?" "उरलेलाच देऊन राहिलो," सर म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

या देशावर वार्षिक परीक्षेआधी एक वही करून द्यायची होती. वीस गुण. वहीचे मथळे चार: स्थान व राजधानी, हवामान, पिके, लोकजीवन. पुस्तकात फिलिपिन्सवर पाच ओळी होत्या, त्यातली एक चित्राखालची. राजधानी मनिला, हवामान उष्ण व दमट, पिके भात आणि नारळ, आणि "येथील लोक कष्टाळू व उत्सवप्रिय आहेत." मी मैत्रिणींची पानं उलटून पाहिली तर जपानचे लोकही कष्टाळू व उत्सवप्रिय, ब्राझीलचेही तेच, आणि डेन्मार्कचेही. आळशी आणि तोंड पाडून बसणारे लोक बहुधा फक्त आमच्या नंदनवन वस्तीत राहत असावेत. पुढे मी स्वतः एकतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि हेच वाक्य शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं, खोटं कशाला बोलू.

घर आमचं दोन खोल्यांचं, मागे टिनाच्या छपराचा स्वयंपाक. बाजूला पिठाची गिरणी होती, तिचा पट्टा सकाळी सातला फटफट करत सुरू झाला की भिंतीवरची भांडी थरथरायची आणि आई ओरडून बोलायला लागायची. गिरणी बंद झाल्यावरही ती तशीच ओरडून बोलायची, सवयीनं. भिंतीला ओल धरलेली दिसू नये म्हणून बाबांनी तिथे जगाचा मोठा नकाशा चिकटवला होता. त्यात मी फिलिपिन्स शोधायला गेले तर नेमका तिथेच बाबांचा शर्ट टांगायचा खिळा ठोकलेला. शर्ट काढला तेव्हा खिळ्याभोवती फोडणीतल्या मोहरीसारखी दोनचार बेटं दिसली. बाबा म्हणाले, "एवढासाच हाये न? मंग वही लवकर होऊन जाईन तुही." पण तीन आठवडे झाले तरी लोकजीवनाचं पान कोरंच होतं, कारण एका वाक्यानं पान भरत नाही आणि सरांचा नियम होता की पान भरलं नाही तर गुण नाहीत.

आमच्या आणि गयाकाकूच्या घरात एकच भिंत सामाईक होती, पण खरं म्हणजे कढीपत्ता, कैची, पेपर आणि भांडणं सगळंच सामाईक होतं. गयाकाकू लवकर विधवा झालेली. तिला आणि तिच्या एकुलत्या एका प्रभाकरला तिच्या थोरल्या भावानं, नरखेडकडच्या देवराव मामांनी, सांभाळलं. मामांची संत्र्या-मोसंबीची बाग. मामांच्या शब्दापलीकडे गयाकाकूनं आयुष्यात एक साडीसुद्धा घेतली नव्हती. प्रभाकरदादा आखाती देशात एका मोठ्या दवाखान्यात एसी दुरुस्त करायच्या कामाला होता. त्या वर्षी होळीच्या आधी त्याचं पत्र आलं की मी तिथल्या एका नर्सशी कोर्टात लग्न केलं आहे, दीड महिन्याच्या सुटीत तिला घेऊन येतो आहे. मुलगी फिलिपिन्सची.

गयाकाकू पत्र घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात आली आणि मटकन बसली. आईनं पाणी दिलं. रडून झाल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो मला. "काय वं शालू, तू शाळेत त्याच देशाचं शिकून राहिली म्हणते न? कसे असतात वं ते लोक?" आता मी काय सांगणार? मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. "काकू, ते लोक कष्टाळू आणि उत्सवप्रिय असतात." गयाकाकूनं डोळे पुसले. "कष्टाळू असन तं निभावून घेईन मी," ती म्हणाली. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी त्या दिवसापासून मी नंदनवनातली फिलिपिन्सची जाणकार झाले.

सून आली त्या दिवशी अर्धी गल्ली गयाकाकूच्या फाटकाशी होती. रिक्षातून उतरली ती ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हसरी बाई, नाव लुझविमिंदा. प्रभाकरदादा तिकडे रिक्षावाल्याशी ट्रंक कोण उतरवणार यावरून हुज्जत घालत होता. गयाकाकूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाय जरा पुढे करून उभी राहिली, म्हणजे नव्या सुनेला वाकायला सोपं जावं. लुझविमिंदानं पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पुढे होऊन गयाकाकूचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, मान झुकवली आणि त्या हाताची पाठ स्वतःच्या कपाळाला लावली. सगळी गल्ली आ वासून पाहत राहिली. गयाकाकू घाबरली. "अवं माय! डोकं दुखून राहिलं वाटते इचं. पाह्य न कशी दाखवून राहिली, इथी दुखते म्हून." प्रवासाची दगदग, एवढ्या लांबचा पल्ला, दुखणारच की, असं सगळ्यांचं मत पडलं. गयाकाकूनं तिला आत पाटावर बसवलं आणि हिरव्या झाकणाची बामची डबी काढून तिच्या कपाळाला चांगला चोळून लावला. सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बायका म्हणाल्या, माहेर आठवलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई अंघोळ करून आली, सासूचा हात घेतला आणि कपाळाला लावला. गयाकाकूनं बाम काढला. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. गिरणीचा पट्टा सुरू व्हायचा, आमची भांडी थरथरायची, आणि सामाईक भिंतीच्या वरच्या फटीतून बामचा वास आमच्या पोह्यांवर यायचा. प्रभाकरदादा सुटीवर आला म्हणून नऊपर्यंत घोरत पडलेला. आखातात दोघं होती तिथे सगळे बरोबरीचे कामकरी, म्हातारं माणूस कोणीच नाही, त्यामुळे बायको वडीलधाऱ्यांशी कशी वागते हे त्यानं कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यानं एकदा विचारलं म्हणे, हा कसला वास? ती "युअर मदर" म्हणून हसली. आईचं प्रेम असेल म्हणून तो पुन्हा झोपला. पुरुषांची जात ती.

आठवडाभरानं गयाकाकू डबी हातात घेऊन माझ्याकडे आली. "शालू, अर्धी डबी संपली वं. रोजचंच कसं दुखते इचं डोकं? तुह्या पुस्तकात काही हाये का?" इथे मी "मले नाई माहीत" म्हणायला हवं होतं. पण हे तीन शब्द आमच्या शाळेत कोणी म्हणत नसे. पिंपळकर सरांच्या वर्गात चुकीचं उत्तर दिलं तर नुसती बोलणी बसत, पण "माहीत नाही" म्हटलं की तासभर बाकावर उभं राहावं लागे. त्यामुळे काही ना काही ठोकून द्यायचं, हेच आम्ही शाळेत सगळ्यात पक्कं शिकलो होतो. मी छातीठोकपणे म्हटलं, "काकू, तिथलं हवामान उष्ण व दमट असते. आपली हवा कोरडी. दमट हवेतलं डोकं कोरड्या हवेत आलं का दुखतेच." गयाकाकू माझ्याकडे पाहतच राहिली. "बाप्पा! शिकलेल्या पोरीचं कामच न्यारं हाये," ती आईला म्हणाली. आई अशी फुलली की संध्याकाळी मला गिलक्याची भजी मिळाली.

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. गयाकाकू विचारी, "जेवली का, असं म्हटलं का हे काही बोलतच नाई, नुसत्या भिवया उडवते, काहून?" नंदनवनात सासूसमोर भुवया उडवणं म्हणजे सरळ सरळ "काय म्हणता?" असा उर्मटपणा. मी सांगितलं, समुद्राचं ऊन डोळ्यावर येतं म्हणून त्या लोकांच्या भुवयांना वर जायची सवय असते. तो त्यांच्याकडचा होकार होता हे मला महिनाभरानं कळलं. सकाळी सकाळी ती उरलेला भात लसूण घालून परतते, ते का? मी "मुख्य पीक भात" एवढं म्हटलं, आणि हे एकच उत्तर थोडंफार खरं निघालं. त्या भातानं मात्र गयाकाकू विरघळली. "अवं, हे तं फोडणीचा भातच करते! फक्त हळद टाकत नाई बिचारी." सुनेनं ट्रंकेतून लाल झग्यातला, डोक्यावर मुकुट घातलेला बाळ येशू काढला, तेव्हा गयाकाकूनं कोणालाच न विचारता त्याला देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवला. दोघांना खेळायला सोबत झाली म्हणे.

खरा कहर झाला होळीला. आमच्याकडचा आग्रह म्हणजे पाहुण्यानं तीनदा नाही म्हटल्यावर चौथ्यांदा वाढायचं. पाहुण्यालाही हे माहीत असतं, म्हणून तो पहिल्या पोळीपासूनच नाही नाही करत असतो. लुझविमिंदाच्या देशात, हे मला पुढे कळलं, मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. म्हणजे जिला नाही म्हणता येत नाही अशी सून, आणि जिला नाही ऐकता येत नाही अशी सासू. गयाकाकू तुपानं थबथबलेली पुरणपोळी ताटात टाकी आणि म्हणे, "अजून एक घे न वं पोरी, तुले माही शपथ." ती भुवया उडवी आणि खाई. ताट रिकामं झालं की गयाकाकू पुन्हा टाकी. मी मोजत होते, नऊ झाल्या. वर भिवापूरच्या तिखटाचा कटाचा रस्सा. तिचं नाक लाल, कान लाल, डोळे गळत होते आणि ती हसत होती. दहाव्या पोळीला आईनंच गयाकाकूचा हात धरला, "पोरगी फुटून जाईन न वं गया!" मला तेव्हा पोट धरून हसू आलं. आज आठवलं की हसूही येतं आणि लाजही वाटते, कारण सगळ्या गल्लीत तिला विचारणारं कोणीच नव्हतं; जो तो मलाच विचारत होता.

एक गोष्ट मात्र गयाकाकू करत नव्हती. ती तिला सून म्हणत नव्हती. "पोरी" म्हणे. आमच्याकडे नवरीचं सासरचं नाव ठेवतात, तेही ठेवलं नव्हतं. कारण मामा यायचे होते. प्रभाकरदादाची सुटी संपत आली होती. त्याच्या कराराचं आणखी एक वर्ष बाकी होतं, आणि तेवढं वर्ष लुझविमिंदा इथे, सासूजवळ राहणार असा बेत होता. पण मामा हो म्हणाले तरच. मामांनी या घरचं पाणी घेतलं, पानावर बसले, की ती सून. ते तसेच परत गेले तर गयाकाकू भावाविरुद्ध जाऊन तिला ठेवून घेणार नव्हती, आणि प्रभाकरदादानं आईला स्पष्ट सांगितलं होतं, "मंग मीही तिच्या संगं जाईन. अन् मंग वापस येत नाई." गयाकाकूला एकुलता एक पोरगा. ती दिवसभर तांदूळ निवडायची आणि निवडलेलेच पुन्हा निवडायची.

मामा येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी वही घेऊन लुझविमिंदाकडे गेले. परोपकार वगैरे काही नव्हता हो, लोकजीवनाचं पान भरायचं होतं. माझं इंग्रजी म्हणजे दोन शब्द आणि चार हातवारे. तिनं मला शेजारी बसवलं, वही पाहिली आणि नकाशाच्या पानावर तीन गोळे काढले. वरचा लुझोन, मधला विसायास, खालचा मिंदानाओ. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं: लुझ, वि, मिंदा. तिच्या आईबापांनी सगळा देशच पोरीच्या नावात घातला होता. इतके दिवस मी ज्या बेटांची नावं पाठ करून विसरत होते ती रोज आमच्या भिंतीपलीकडे भांडी घासत होती, आणि मला तिच्या नावाचा अर्थ विचारायची बुद्धी झाली नव्हती.

मग मी विचारलं, "डेली हेडपेन, व्हाय?" ती गोंधळली. "नो हेडपेन," म्हणाली. मी तिच्या कपाळाकडे बोट दाखवलं. बामनं तिथली कातडी सोललेली दिसत होती. तिनं माझा हात घेतला, कपाळाला लावला आणि समजावलं: आमच्याकडे घरातल्या मोठ्यांना असा नमस्कार करतात. मोठ्या माणसाचा हात कपाळाला लागला की आशीर्वाद मिळाला. पहिल्या दिवशी तुझ्या काकूनं बाम लावला तेव्हा मला वाटलं इंडियात आशीर्वाद असाच देतात, जरा झणझणीत. आठ दिवसांनी लक्षात आलं की दुसऱ्या कोणालाच लावत नाहीत. दमट हवेतलं डोकं कोरड्या हवेत आलं की दुखतंच! मी धावतच निघाले होते काकूला सांगायला, पण तिनं माझा परकर धरला. "नो टेल. मदर विल बी अशेम्ड." एवढ्या मायेनं लावतात, चूक होती असं कळलं तर त्यांना किती लाज वाटेल. तिनं माझ्याकडून वचन घेतलं. त्या कोऱ्या पानावर मग मी त्यांच्या नमस्काराबद्दल लिहिलं, आणि पिंपळकर सरांनी ते लाल शाईनं आडवं कापून खाली "पुस्तकात नाही" असा शेरा मारला, पण ते पुढचं.

देवराव मामा सकाळच्या एसटीनं आले. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, खांद्यावर संत्र्यांचं पोतं. पोतं त्यांनी दाराबाहेरच ठेवलं. खाटेवर बसले. गयाकाकूनं पाण्याचा गडवा समोर ठेवला, त्याला हात लावला नाही. आम्ही सगळे, आई, बाबा, मी, दाराच्या चौकटीत. लुझविमिंदा साडी नेसून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. साडी आईनं नेसवली होती, म्हणून निऱ्या जरा जास्तच होत्या.

मामा तिच्याकडे न पाहता बोलले. "गया, पोरगी कशी हाये, धर्म कोणता, ते मी काही बोलत नाई. पोट्ट्यानं केलं, होऊन गेलं. पण मले गावात आयकू आलं का ते रोजची बिमार हाये. आल्या दिवसापासून डोकं धरून राहिली. खरं का?" गयाकाकूनं मान खाली घातली. "खरं हाये दादा. रोज सकायी दुखते. पण मी बाम लावतो न." मामा म्हणाले, "आयक मंग. मी झाडाचा माणूस. दमट जमिनीचं झाड कोरड्या जमिनीत आणून लावलं तं ते उभंच्या उभं वायते. अन् हे काही मी माह्या मनानं नाई सांगून राहिलो. इथल्याच एका शिकलेल्या पोरीनं पुस्तकात पाहून सांगितलं म्हणे. त्या हवेचं माणूस आपल्या हवेत टिकत नाई. परायाची लेक आपल्या दारात मेली तं पाप कोणाले लागन? तिले तिच्या देशात जाऊ दे."

प्रभाकरदादा ताडकन उठला. गयाकाकूच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. पुस्तकात पाहून सांगणारी शिकलेली पोरगी मीच! आईच्या चेहऱ्यावर अजूनही थोडा अभिमान होता, हे मला आजही विसरता येत नाही. लुझविमिंदाला शब्द कळत नव्हते पण काय चाललंय ते कळत होतं. ती माझ्याकडे पाहून बारीकशी मान हलवत होती, नको, नको. वचन दिलेलं होतं. पण न बोलावं तर बाईचं घर जात होतं, आणि तेही माझ्या तोंडच्या वाफेनं. मी रडत रडतच बोलले. "मामा, पुस्तकात तसं काहीच नाई. मी मनचं सांगितलं. तिचं डोकं एक दिवसही दुखलं नाई. तो तिचा नमस्कार हाये. तिकडे मोठ्या माणसाचा हात कपायाले लावते."

मग माझ्या पाठीत आईचा धपाटा बसला. आणि गयाकाकू कपाळावर हात मारून ओरडली, "अवं माय वं! महिनाभर! पोरगी महिनाभर पाया पडून राहिली अन् मी तिच्या कपायाले बाम चोयून राहिलो!" बाबांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. गयाकाकूला मात्र हसू आलं नाही. सख्ख्या भावासमोर, शेजाऱ्यांसमोर असं व्हावं! ती पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. लुझविमिंदा ज्याला भीत होती तेच झालं होतं, आणि मामांनी अजून पाण्याला हात लावला नव्हता.

मामा हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा लुझविमिंदाकडे नीट पाहिलं. त्या सोललेल्या कपाळाकडे बराच वेळ पाहिलं. "महिनाभर झोंबलं असन," ते म्हणाले. "मंग हे बोलली काहून नाई? विचार गा प्रभाकर." प्रभाकरदादानं विचारलं. ती हळू बोलली, थांबत थांबत. तिचं बोलणं संपलं तसा प्रभाकरदादा तोंड फिरवून डोळे पुसू लागला. म्हणून मला सांगावं लागलं. तिचं इंग्रजी सोपं होतं आणि मी त्यात माझं एक अक्षर घातलं नाही. "मामा, ते म्हणते, माही माय सहा वर्षांपासून माह्यापासून दूर हाये. तिकडे दवाखान्यात मी सगळ्यांच्या कपायाले हात लावून ताप पाहो, माह्या कपायाले कोणी लावत नव्हतं. इथी रोज सकायी एक हात लागत होता. मी सांगितलं असतं तं बाम बंद झाला असता, पण मले वाटलं, तो हातही बंद होऊन जाईन."

आतल्या दारामागे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मामांनी गडवा उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "गया, रडणं झालं असन तं बाहीर ये. अन् सूनबाईले म्हण, पान वाढ." गयाकाकू दार उघडून आली ती तशीच, नाक लाल, पदर ओला. ती लुझविमिंदासमोर उभी राहिली आणि तिनं आपला हात तिच्या कपाळावर ठेवला, कोरडा. मग तिला पोटाशी धरून दोघी जी काही रडल्या, भात लागला करपायला. आई धावली. मामांनी दोन वेळा वाढून घेतलं; तिच्या लसणाच्या भातात हळद नाही एवढंच बोलले.

परतीच्या एसटीची वेळ झाली तेव्हा पोतं आत आलं होतं आणि अर्धी संत्री आमच्या पोटात गेली होती. निघताना प्रभाकरदादा मामांच्या पाया पडला, मग मी पडले. मामांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. मग लुझविमिंदा पुढे झाली आणि सगळे थबकले. मामा क्षणभर अवघडले. जन्मभर त्यांनी आशीर्वाद दिले ते पायाशी वाकलेल्या माणसांना, त्यामुळे त्यांनी हात पुढे केला तो गुडघ्याच्या उंचीला. "दादा, वरते घ्या न हात!" गयाकाकू ओरडली, पण तोवर लुझविमिंदा ओट्यावर गुडघे टेकून खाली बसलीसुद्धा होती, आणि तिनं त्यांच्या हाताची पाठ कपाळाला लावली होती. मामा तसेच वाकून उभे. शेतात राबलेला मोठा काळा हात, त्याखाली तिचं कपाळ. बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत होता. मामांना तो हात कधी काढून घ्यायचा तेच कळेना. त्यांनी हळूच मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "काय वं पोरी, किती वेळ ठिवा लागते?"

मी म्हटलं, "मले नाई माहीत, मामा."